स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी पळणं सोडू का? सगळंच अर्धवट वाटतंय

शिरोळची_पळपुटी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. (मुलगीच आहे मी. आमच्या शिरोळकडं पोरीपण गेलो-आलोच म्हणतात, तेवढं चालवून घ्या.)

वय २०, बीएस्सी थर्ड इयर, केमिस्ट्री. कॉलेजच्या एका मॅडमनी मागच्या महिन्यात ऱ्होड्स स्कॉलरशिपचं नाव काढलं. ऑक्सफर्डला शिकायला मिळतं, फी, राहणं, विमान सगळं तेच बघतात. मी आधी हसलोच. मग रात्री मोबाईलवर वाचत बसलो तर दिसलं की ते फक्त मार्क बघत नाहीत, चार गोष्टी बघतात. अभ्यास, मग अंगातली ताकद पुरेपूर वापरायची धमक (इथं खेळाचं उदाहरण दिलंय), मग खरेपणा आणि दुबळ्याची बाजू घेणं, आणि शेवटी पुढाकार. वाचून वाटलं अरे हे थोडं थोडं सगळंच आपल्याकडं आहे की. आणि पुढच्याच मिनिटाला वाटलं की थोडं थोडंच आहे, पूर्ण असं काहीच नाही.

सांगतो काय काय आहे ते.

पळणं: ५००० मीटर आणि क्रॉस कंट्री. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये दोनदा निवड झाली, एकदा अश्वमेधला (राज्यातल्या युनिव्हर्सिट्यांच्या खेळाच्या स्पर्धा) पण गेलो. मेडल नाही. बेस्ट टाइम १८:५२. बरा आहे पण पेपरात यावा असा नाही.

विज्ञान: आमच्या भागात ऊस, युरिया आणि क्षारपड जमीन हे सगळं एकत्रच नांदतं हे माहितीच असेल. थर्ड इयरच्या प्रोजेक्टला मी गावातल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट मोजलं. पिण्याच्या पाण्याला मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. काही ठिकाणी त्याच्या बरंच वर आलं, आणि त्यातल्या दोन विहिरींचं पाणी लोक अजून पितात. प्रोजेक्ट आविष्कारला (युनिव्हर्सिट्यांची संशोधन स्पर्धा) मांडला, युनिव्हर्सिटी लेव्हलपर्यंत गेला, पुढं नाही.

गावातलं काम: एनएसएसमध्ये ग्रुप लीडर आहे, २४० तास कधीच होऊन गेले. २०१९ च्या पुरात आमच्या विहिरीवरून पाणी गेलं होतं, मी तेव्हा नववीत, आशाताईंबरोबर (गावातल्या आशा सेविका) घरोघर पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर वाटत फिरलो होतो, पाण्याचं खूळ तिथूनच डोक्यात शिरलं. आता ज्या बायकांना पाणी तपासायचं किट दिलंय त्यांच्याबरोबर बसून मी त्यांना रंग बघून आकडा कसा वाचायचा ते शिकवतो. रिझल्ट घेऊन १ मेच्या ग्रामसभेत उभा राहिलो तर एक मोठे गृहस्थ म्हणाले गावाची बदनामी कशाला करतीस, लग्न ठरायची पंचाईत होईल पोरींची. सगळे हसले. मी पण हसलो आणि खाली बसलो, आणि त्याचाच अजून राग येतोय मला.

आता प्रश्न. घरचे म्हणतात फॉर्म भरायचाच असेल तर दोन महिने पळणं बंद कर आणि मार्कांकडं बघ. मॅडम म्हणतात पळणं सोडू नको पण ग्रामसभेचं प्रकरण फॉर्मात लिहू नको, निगेटिव्ह दिसतं. मैत्रीण म्हणते एवढं वरचं स्वप्न कशाला, एमपीएससी कर. मला काय करावं कळंना झालंय. चारातलं काय ठेवू, काय सोडू?

---

मास्तर_निवृत्त

बाळ, आधी अभिनंदन. आता थोडं कडू बोलतो. मी ३४ वर्षं शाळेत काढली आणि चार दगडांवर पाय ठेवणारी हुशार पोरं खूप बघितली, कार्यक्रमाला तीच, स्पर्धेला तीच, सूत्रसंचालनाला तीच, आणि शेवटी निकालाच्या दिवशी कोपऱ्यात उभी तीच. थर्ड इयरचे मार्क एकदाच मिळतात, शर्यती दरवर्षी असतात. आधी डिग्री फर्स्ट क्लासच्या चांगली वर ने, ती स्कॉलरशिपवाली मंडळी पहिल्यांदा तेच बघणार.

पण पळणं पूर्ण सोड असं माझ्या तोंडून निघणार नाही, कारण आपण कोल्हापूरकर. खाशाबा १९५२ ला हेलसिंकीला जायला निघाले तेव्हा पैसे नव्हते, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. एका प्राचार्याने. कुस्तीसाठी. आणि पोरगं ब्राँझ घेऊन आलं. तेव्हा तुझ्या कॉलेजला सांग, घर गहाण टाकू नका पण निदान प्रॅक्टिसच्या वेळेला प्रॅक्टिकल लावू नका.

---

ऑक्सफर्डात_वरणभात

मी ऱ्होड्सवाला नाही हे आधीच सांगतो, दुसऱ्या स्कॉलरशिपवर गेलो होतो, पण तिथे एका घरात दोन ऱ्होड्स स्कॉलर माझे शेजारी होते आणि त्यांचं डोकं मी भरपूर खाल्लंय. तेवढ्या जोरावर लिहितो.

पहिलं, तारखा बघ. भारतासाठीचा फॉर्म साधारण जूनच्या आसपास उघडतो आणि जुलैअखेर, ऑगस्टच्या सुरुवातीला बंद होतो. वयाची अट आहे, ढोबळ मानाने १८ ते २३, तू आत बसतेस. भारतीय नागरिक पाहिजे आणि गेल्या १० वर्षांतली निदान ४ वर्षं शिक्षण इथे झालेलं पाहिजे, तेही झालंच. जागा मोजून पाच-सहा, अख्ख्या देशासाठी. म्हणून निवड झाली नाही तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि ही एकच टोपली धरून बसू नको.

दुसरं, ऱ्होड्स मिळाली म्हणजे ऑक्सफर्डचा प्रवेश मिळाला असं नाही. तो अर्ज नंतर वेगळा करायचा. तुझ्या कामाला तिथला एक कोर्स अगदी मापाचा आहे, वॉटर सायन्स, पॉलिसी अँड मॅनेजमेंट नावाचा एमएस्सी, भूगोलवाल्यांच्या डिपार्टमेंटमध्ये, एक वर्षाचा. विज्ञान पण आहे आणि पाण्याचं राजकारण पण. तीन वर्षांची डिग्री चालते की आणखी एक वर्ष लागतं ते कोर्सच्या पानावर नीट वाच, बरीच मुलं इथे एमएस्सीला ॲडमिशन घेऊन ठेवतात आणि त्याच वर्षी फॉर्म भरतात.

तिसरं, आणि यासाठीच मुळात लिहायला बसलो. तू यादी केलीस, पळणं, विज्ञान, गावातलं काम, आणि प्रत्येकाखाली "मेडल नाही", "पुढं नाही", "खाली बसलो" असं लिहिलंस. फॉर्म असा भरलास तर वाचणारा पण तसाच वाचेल. मला एक सांग, त्या विहिरी तू शोधल्या कशा? सॅम्पल कधी घेतलेस? कोणाबरोबर?

---

शिरोळची_पळपुटी

@ऑक्सफर्डात_वरणभात शोधल्या कशा म्हणजे, रोजच्या रस्त्यावरच्याच आहेत की. मी पहाटे साडेपाचला मळ्याच्या रस्त्यानं ११-१२ किलोमीटर पळतो. आमच्याकडं शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा रात्रीची आणि एक आठवडा दिवसाची असते, रात्रीच्या आठवड्यात पहाटे मोटरी चालू असतात. सॅम्पल घ्यायच्या आधी मोटर काही मिनिटं चालू पाहिजे, नाहीतर पाइपातलं शिळं पाणी येतं. आता कुणाची मोटर कधी चालू असते हे मला पळून पळून पाठच झालंय, म्हणून सरांनी विचारलं २३ ठिकाणचं सॅम्पलिंग कसं करणार तर मी म्हटलं दोन पहाटेत करतो. बाटल्यांची सॅक घेऊन पळलो, येताना भरलेल्या बाटल्यांनी पाठ सोलली. एका मळ्यात कुत्रं मागं लागलं, त्या दिवशी टाइम चांगला आला असणार पण घड्याळ चालू करायचं राहिलं.

मोजताना वेगळीच गंमत. नायट्रेट यूव्ही प्रकाशाच्या मशीनवर २२० नॅनोमीटरला मोजतात, तिथं काचेचा क्युव्हेट (सॅम्पल भरायची छोटी चौकोनी नळी) चालत नाही, क्वार्ट्झचाच लागतो, आणि तो आमच्या लॅबच्या कपाटात कुलपात. चावी ज्यांच्याकडं ते म्हणाले फुटला तर कोण भरणार. मी लिहून दिलं की मी भरणार. हात एवढे थरथरत होते की पहिल्या दिवशीची रीडिंग परत घ्यायला लागली.

पण हे सगळं फॉर्मात कोण लिहितं?

---

ऑक्सफर्डात_वरणभात

हेच लिहितात!! अगं हेच. तुझं पळणं नसतं तर तुझं सॅम्पलिंग झालं नसतं. तू मेडलकडे बघत बसलीस आणि मोटरीकडे बघायचं विसरलीस.

---

निळी_शाई

सगळे ऱ्होड्स ऱ्होड्स करताय म्हणून जरा मीठ टाकतो. हा सेसिल ऱ्होड्स कोण होता ते पोरीला कुणी सांगणार आहे का? किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणी, १८८८ ला डी बिअर्स कंपनी, दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांच्या जमिनी आणि मतं काढून घेणारे कायदे, आणि १९०२ ला मेल्यावर मृत्युपत्रातून ही स्कॉलरशिप. त्या मृत्युपत्रात नुसते पुस्तकी किडे नकोत असं लिहिलंय आणि खेळ कुठले, तर क्रिकेट-फुटबॉलसारखे "मर्दानी" मैदानी खेळ. मुलींना तर १९७७ पर्यंत दारच बंद होतं. केपटाऊनच्या युनिव्हर्सिटीत त्याचा पुतळा होता तो विद्यार्थ्यांनी आंदोलन करून २०१५ च्या एप्रिलमध्ये हटवायला लावला. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजवर अजून आहे, त्यावरून तिथेही रान पेटलं होतं.

फॉर्म भरू नको असं म्हणत नाही. पैसा कुणाचा ते माहीत असू दे, मुलाखतीत विचारलं तर मान खाली घालायची नाही एवढंच.

आणि शिरोळची पोरगी आहेस तर जवळचं पण बघ. तुझ्यापासून हातकणंगले तालुका किती लांब, तिथल्या माणगावात मार्च १९२० मध्ये शाहू महाराजांनी बाबासाहेबांना लोकांसमोर उभं करून हा तुमचा पुढारी असं सांगितलं, आणि चारच महिन्यांनी बाबासाहेब अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला परत लंडनला गेले. त्याच्या आधी १९१३ ला कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या बडोद्याच्या स्कॉलरशिपवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात १० वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार. परत येऊन नोकरीला गेले तर बडोद्यात राहायला जागा कुणी देईना. म्हणजे स्कॉलरशिप घेऊन आलेला माणूस परतल्यावर गावातल्या सभेत कसा वागवला जातो हा प्रश्न काही तुझ्या १ मेपासून सुरू झालेला नाही.

आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना, युनिव्हर्सिटीच्या जागतिक रँकिंगची आणि उत्पन्नाची अट असते. इतर प्रवर्गांसाठीपण वेगवेगळ्या योजना आहेत. मी स्वतः यातल्याच एकीवर शिकून आलोय. तुझा प्रवर्ग विचारत नाही, तू बघून घे कुठली लागू होते. कागदपत्रं आत्तापासून गोळा कर, उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणी या दोन कागदांनी जेवढी स्वप्नं अडवलीत तेवढी इंग्रजीने पण अडवली नसतील.

---

ट्रॅकवाली_काकू

मी वयाची पन्नाशी ओलांडलेली, एकेकाळी ३००० पळायचे, आता साताऱ्यात मुलींना ट्रॅकवर घेते. वरच्या सगळ्यांनी मोठं मोठं लिहिलंय, मी पायापुरतं लिहिते.

पळणं बंद करू नकोस. दोन महिने बंद केलंस तर अभ्यास वाढणार नाही, चिडचिड वाढेल, माझ्याकडच्या दहावी-बारावीच्या मुलींचं दरवर्षी हेच होतं. क्रॉस कंट्रीचा सीझन पावसाळ्यानंतर, म्हणजे मे-जूनमध्ये तुला तसाही स्पीडवर्क नकोच आहे. आठवड्यात सहा दिवस पळत असशील तर चार कर. एक लांब, एक जरा जोरात, दोन नुसते मजेत. वाचलेली दोन पहाट अभ्यासाला दे. आणि ती बाटल्यांची सॅक घेऊन परत पळू नको बयो, पाठीचं काही झालं तर कोण बघणार, सायकल घेऊन जा.

दुसरं, १८:५२ वर किती दिवस अडकलीयस? वर्षभर असेल तर सीबीसी बरोबर फेरिटिन पण तपासून घे. लांब पळणाऱ्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन ठीक दिसतं पण लोहाचा साठा तळाला गेलेला असतो, आणि पोरी बिचाऱ्या स्वतःला आळशी समजत राहतात. रिपोर्ट डॉक्टरला दाखव, गोळ्या मनाने घेऊ नकोस.

आणि मेडल नाही मेडल नाही काय लावलंयस. आमच्या माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला गेली आणि दहावी आली. दहावी! तिथून आमच्याकडे मुलींचा लोंढा लागला ट्रॅकवर. दहाव्या नंबरचं वजन काय असतं ते पहिल्या आलेल्याला कळत नाही.

अजून एक नाव सांगते, रणजित भाटिया. ऱ्होड्सवर ऑक्सफर्डला गेले, १९६० च्या रोम ऑलिम्पिकला ५००० मीटर पण पळले आणि मॅरेथॉन पण. मेडल एकातही नाही. पुढे दिल्लीला सेंट स्टीफन्समध्ये गणित शिकवलं. तुझंच अंतर आहे बघ, ५०००.

---

नुसता_वाचक

सॉरी पण कुणीतरी खरं बोलायला पाहिजे. हे दिल्ली-बंगलोरच्या लॉ कॉलेजवाल्या आणि इंग्लिश मीडियमवाल्या मुलांसाठी असतं. फायनलच्या मुलाखतीआधी तिथे सगळ्यांना जेवायला किंवा गप्पांना बोलवतात म्हणे, काटाचमचा धरून हवामानावर बोलायचं. आमच्या पोरीनं तिथे काय करायचं? उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवताय तिला. मैत्रीण बरोबर बोलली, एमपीएससी कर, गावात मान मिळेल, मग बघू ग्रामसभेत कोण हसतंय.

---

ऑक्सफर्डात_वरणभात

@नुसता_वाचक अर्धं खरं आहे तुमचं. यादी काढून बघितली तर मोठ्या शहरांची, मोठ्या कॉलेजांची नावं जास्त दिसतात, खोटं कशाला बोला. ते मुलाखतीआधीचं एकत्र जमणं पण खरं आहे. पण गिरीश कर्नाड काय दिल्लीचे होते? जन्म माथेरानचा, लहानपण शिरसीत, कॉलेज धारवाडला, विषय गणित आणि स्टॅटिस्टिक्स, तिथून ऱ्होड्सवर गेले आणि १९६३ मध्ये ऑक्सफर्ड युनियनचे, म्हणजे तिथल्या वादविवाद मंडळाचे, अध्यक्ष झाले. धारवाड म्हणजे शिरोळहून काही चंद्रावर नाही.

काटाचमच्याचं म्हणाल तर पहिल्या फॉर्मल डिनरला माझा बटाटा ताटातून उडून शेजारच्या प्रोफेसरच्या गाऊनवर पडला होता. ते म्हणाले गुड शॉट. संपलं.

इंग्रजीचं मात्र गंभीरपणे सांगतो. पळपुटी, तुझं पाण्याचं काम तू रोज १० मिनिटं इंग्रजीत मोठ्याने सांग. आरशाला नको, माणसाला. ज्याला केमिस्ट्री येत नाही अशा माणसाला. नायट्रेट उकळून जात नाही उलट पाणी आटलं की वाढतं, हे जर तू इंग्रजीत एखाद्या कॉमर्सवाल्याला पटवू शकलीस तर मुलाखतीला आणखी वेगळी तयारी नको.

---

शिरोळची_पळपुटी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं.

काकू, फेरिटिन केलं. ९ आलंय. डॉक्टर म्हणाले एवढ्यावर तू जिना चढतीस हेच खूप. गोळ्या सुरू झाल्या.

@निळी_शाई माणगाव आमच्या आत्याच्या गावापासून जवळ आहे, तिथून कितीदा गेलो पण कधी उतरलो नाही. या रविवारी गेलो. आणि ऱ्होड्सचं ते सगळं वाचलं, दोन दिवस फॉर्म उघडावासाच वाटंना. मग असं वाटलं की ज्यानं बायकांना घेणार नाही म्हणून लिहून ठेवलं त्याच्या पैशानं शिरोळच्या विहिरींचं पाणी शिकायचं, यात माझा काही तोटा नाही. बरोबर आहे का माहीत नाही, पण सध्या असं वाटतंय.

ग्रामसभेचं लिहायचं ठरवलंय, मॅडमना सांगून. खाली बसलो ते पण लिहिणार.

पर्सनल स्टेटमेंटचा पहिला ड्राफ्ट झाला. इथं टाकतो, सगळ्यांनी बघून सुधारून द्या प्लीज, इंग्रजी कच्चं आहे.

"

(पोस्ट सदस्याने संपादित केली)

---

ऑक्सफर्डात_वरणभात

अगं थांब थांब थांब! काढून टाक ते लगेच!!

ऱ्होड्सचा नियम वाच. स्टेटमेंट पूर्णपणे स्वतःचं असलं पाहिजे, कुणाचीही मदत न घेता, आणि तसं लिहून द्यावं लागतं. तपासून घेणं, सुधारून घेणं, एआयकडून गुळगुळीत करून घेणं, काहीच नाही. मी म्हणूनच प्रश्न विचारत होतो, वाक्यं देत नव्हतो. मी दोनच ओळी वाचल्या आणि डोळे मिटले, खरंच. कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर डिलीट करा मंडळी.

इंग्रजी कच्चं तर कच्चं. तुझंच कच्चं.

---

मास्तर_निवृत्त

मी लाल पेन काढून बसलो होतो. ठेवला परत.

---

शिरोळची_पळपुटी

बापरे, सॉरी. काढलं. वाचायचं राहूनच गेलं होतं ते पान. थँक्यू सर, नाहीतर फॉर्म भरायच्या आधीच बाद झालो असतो.

मग आता स्टेटमेंटचं काही विचारत नाही. रेफरन्सचं विचारू का? ते तर विचारायला चालतं ना? नावं बरीच द्यायला लागतात असं दिसतंय. प्रोजेक्टचे सर आणि मॅडम झाले. अभ्यासाबाहेरच्या माणसासाठी मी आमच्या आशाताईंचं नाव द्यायचा विचार करतोय. २०१९ पासून त्या मला बघतायत. पण त्यांना इंग्रजी येत नाही आणि ईमेल त्यांच्या मुलाचा आहे. घरचे म्हणतात एखाद्या साहेबाचं नाव दे, वजन पडतं.

---

निळी_शाई

साहेबाने तुला कधी भर पुरात टीसीएल वाटताना बघितलंय का? नाही ना. मग साहेब काय लिहिणार, "शी इज अ हार्डवर्किंग गर्ल". तसली पत्रं वाचून वाचून त्यांचे डोळे पिवळे झाले असतील.

फक्त पत्र कुठल्या भाषेत चालतं, भाषांतर कोणी करायचं, हे त्यांच्या ऑफिसला मेल टाकून विचार. अंदाजावर जाऊ नको. आणि आशाताईंचा स्वतःचा ईमेल काढून दे, पाच मिनिटांचं काम आहे.

---

नुसता_वाचक

मी मागे जे बोललो ते मागे घेत नाही, पण आशाताईंचं नाव दे.

बाय द वे, पासपोर्ट आहे का? माझ्या भाच्याचं सगळं झालं होतं आणि पासपोर्टवर नाव एक, मार्कशीटवर एक, आधारवर तिसरंच. स्पेलिंगसाठी दोन महिने गेले. ते आधी बघ, बाकी ऑक्सफर्ड नंतर.

---

ट्रॅकवाली_काकू

नऊ!!! अगं बाई. गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे. आणि महिनाभर घड्याळ घरी ठेवून पळ.

---

शिरोळची_पळपुटी

अपडेट देतो, कुणी विचारलं नाही तरी.

थर्ड इयरचा निकाल लागला, डिस्टिंक्शन. मास्तर, तुमच्यासाठी पहिल्यांदा इथंच सांगतोय, घरी पेढे अजून यायचेत. एमएस्सीचा फॉर्म पण भरला, म्हणजे काही झालं नाही तरी घरी बसायला लागणार नाही. आशाताई हो म्हणाल्या, आधी रडल्या मग हो म्हणाल्या. ऱ्होड्सच्या ऑफिसला मेल टाकलाय, उत्तराची वाट बघतोय. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या आधी किटवाल्या बायका सरपंचांना भेटायला जाणार आहेत, यावेळी बोलणार त्याच, मी मागं बसणार, आकडे कुणी विचारले तरच तोंड उघडणार. त्यांनीच असं ठरवलं. मला जरा लागलं, पण त्यांचं बरोबर आहे, त्यांच्यावर कोण हसणार नाही, निम्म्या गावाच्या त्या मावशी-काकू लागतात.

पासपोर्टवर नाव एकच आलं पाहिजे म्हणून तीनदा तपासलं. काल पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार घरी आले. ऊन मरणाचं होतं. आजीनं तांब्या भरून दिला. त्यांनी तोंडाला लावता लावता विचारलं, पोरी परदेशात कशाला चाललीस, मी म्हटलं पाण्याचं शिकायला, आपल्या विहिरींत नायट्रेट जास्त आहे म्हणून. तांब्या तसाच हवेत. माझ्याकडं बघितलं, आजीकडं बघितलं, मग विचारतात हे कुठल्या विहिरीचं?

म्हटलं प्या काका, ही ४५ च्या आत आहे.